फुकटची क्रूझ मला किती रुपयांना पडली?



चॅनेलवरचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितलाय. मागे दगडी रोमन कमानी, पुढे गॉगल लावून मी, आणि थंबनेलवर मोठ्या अक्षरांत 'टार्गेट मारलं, युरोप फुकट!' तो बघून काही दुकानदारांनी मला फोन केले. स्लॅब पूर्ण करायला थोडाच माल कमी पडतोय, उचलू का? मी तेव्हा हसत म्हणालो होतो, "बघा, जमत असेल तर उचला." त्यातल्या एकाने उचलला. गेल्या महिन्यात त्याचा परत फोन आला. "सर, माल हलत नाहीये. बँकेचा हप्ता तटलाय. काय करू?"

म्हणून हा लेख. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. ट्रिप मिळावी म्हणून माल उचलू नका. युरोपात नदीवरची क्रूझ करून रोमन अवशेष बघायचे असतील तर नफ्यातून पैसे बाजूला काढा आणि स्वतःच्या पैशाने जा. आणि जाच, कारण दुकानदाराने बघावं असं तिथे खूप आहे. मला जे कळायचं होतं ते मला त्याच दगडांसमोर कळलं, फक्त तोवर पैसे जाऊन बसले होते.

ट्रिप कशी मिळाली

आमचं सांगलीत प्लंबिंग आणि सॅनिटरीचं दुकान आहे. पाइप, फिटिंग, नळ, गिझर, पंप. ज्या कंपनीची डीलरशिप आहे तिची जानेवारी ते मार्च अशी स्कीम होती. नेहमीच्या खरेदीवर आणखी 14 लाखांचा माल उचलला की एका माणसाची फ्रान्सची ट्रिप. सात रात्री, रोन नदीवर जहाज, ल्यों शहरापासून खाली आर्लपर्यंत. बाजारात तशी ट्रिप साधारण 2,75,000 रुपयांना मिळत होती.

आता आमच्या आप्पांचा एक नियम आहे. पावसाळ्यात खाली दुकानात तेवढाच माल ठेवायचा, जेवढा एका रात्रीत चार माणसं माळ्यावर चढवू शकतात. कृष्णेकाठच्या दुकानदाराला याचं कारण सांगावं लागत नाही. 2005 बघितलंय, 2019 बघितलंय, 2021 बघितलंय. पुरात पाइपला काही होत नाही, धुऊन विकता येतो. पण पंप, गिझर, सोल्युशनचे डबे, पुठ्ठ्याच्या खोक्यातले नळ, हे सगळं गेलं म्हणजे गेलंच.

14 लाखांचा माल माळ्यावर मावणार नव्हता. मी महिना 9,000 रुपयांनी एक गोडाऊन घेतलं. स्वस्त का होतं, ते तुम्ही ओळखलं असेल. सखल भागात होतं. आप्पा एवढंच म्हणाले, "माल तुझा, झोप पण तुझीच जाणार." मी म्हणालो, "आप्पा, फुकट युरोप आहे, तुम्ही बघा तर." मी बीबीए केलंय, लोकांना इन्व्हेंटरी शिकवतो, त्यामुळे मला जास्त कळतं असा माझा समज होता.

त्या पावसाळ्यात पूर आला नाही. त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही.

ल्यों ते व्हिएन: कुठला दगड वाचला?

दसऱ्यानंतर आम्ही निघालो. ल्यों हे रोमन लोकांनी इ.स.पू. 43 मध्ये वसवलेलं शहर, तेव्हाचं नाव लुग्दुनुम. रोन आणि सोन या दोन नद्यांचा संगम. म्हणजे माल उतरवायला आणि चढवायला एक नंबर जागा. वर फूर्वियेर टेकडीवर सुमारे 10,000 माणसं बसतील असं थिएटर आहे. आज ते बघताना वाटतं की हे कायम असंच उभं होतं. तसं नाही. वापर बंद पडल्यावर लोकांनी दगड काढून दुसऱ्या बांधकामांना नेले, उरलेलं मातीखाली गेलं. 1933 पासून खोदकाम करून ते परत वर काढलंय.

दुसऱ्या दिवशी व्हिएन. छोटं गाव, जहाज जवळजवळ बाजाराच्या दारातच लागतं. तिथे भर चौकात सम्राट ऑगस्टस आणि लिव्हिया यांचं मंदिर आहे, दोन हजार वर्षांचं, खांबांसकट उभं. ल्योंचं थिएटर मातीत गेलं आणि हे कसं वाचलं? याचं पुढे चर्च झालं. नंतर इतर कामांसाठी वापरलं गेलं. ज्याला रोज कुणीतरी कुलूप लावतं आणि उघडतं, त्याचे दगड चोरीला जात नाहीत.

इथून माझं डोकं चालायला लागलं. वापरात राहिलं ते टिकलं. ही एकच गोष्ट पुढे प्रत्येक ठिकाणी दिसत गेली.

समोरच्या काठावर सँ-रोमँ-आं-गाल आहे. 1967 मध्ये तिथे शाळा बांधायला घेतली आणि खाली अख्खी रोमन वस्तीच निघाली. घरं, कपडे धुण्या-रंगवण्याचे कारखाने, मालाची गोडाऊनं, संगमरवर आणि भित्तिचित्रं असलेलं सार्वजनिक शौचालयसुद्धा. आमच्या ग्रुपमधले निम्मे डीलर जहाजावर पत्ते खेळत बसले होते. सॅनिटरीवाल्यांनी जगातलं एक जुनं सार्वजनिक शौचालय बघायचं सोडून रमी खेळावी, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

पाण्याचा पूल: बांधकाम उभं, धंदा बंद

आव्हिन्योंहून बसने पों द्यु गारला नेतात. तीन मजली दगडी पूल, सुमारे 49 मीटर उंच. फोटोत सगळे हा पूल बघतात, पण पूल हा फक्त एक तुकडा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांनी उझेसजवळच्या झऱ्याचं पाणी नीम शहरात आणलं. वाट सुमारे 50 किलोमीटरची आणि एकूण उतार फक्त 12 ते 13 मीटर! म्हणजे किलोमीटरला सरासरी 25 सेंटिमीटर. मोटर नाही, पंप नाही. माझ्याकडे येणारा प्लंबर बाथरूममधल्या सहा फुटांत उतार चुकवतो, आणि इथे 50 किलोमीटर.

नीमच्या टोकाला एक गोल टाकी आहे, तिच्या भिंतीत गोल भोकं. त्यातून शिशाच्या पाइपांनी शहरभर पाणी वाटलं जायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर मॅनिफोल्ड.

मग हे बंद का पडलं? पूल कोसळला नाही. कुणी एका दिवसात तोडलाही नाही. पाण्यात चुना होता. तो पाटाच्या भिंतींवर थरथर साचत गेला, जसा तुमच्या गिझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा क्षार साचतो. जोपर्यंत माणसं नेमाने खरवडत होती तोवर ठीक होतं. पुढे साम्राज्य ढिलं पडलं, देखभाल बंद झाली, थर काही ठिकाणी फुटाहून जाड झाला आणि पाणी कमी कमी होत थांबलं.

आणि तरी पूल उभा का राहिला? कारण लोकांनी त्याचा रस्ता केला. गाड्या जाव्यात म्हणून खांब कोरले, टोल घेतला. 1743 ते 1747 मध्ये त्याला चिकटून रस्त्याचा वेगळा पूल बांधला. पाण्याचं काम संपलं, पण येण्याजाण्याचं सुरू राहिलं.

मी त्या पुलाखाली उभा होतो आणि मला माझं गोडाऊन दिसत होतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काय स्टॉक आहे याचा! छतापर्यंत खोकी. पण आतून पैसा वाहत नाहीये. दर महिन्याला थोडं व्याज, थोडं भाडं, थोडी जुनी होत चाललेली डिझाइन. एकेक थर. एका दिवसात कुठलंच दुकान बंद पडत नाही हो. क्षार बसत जातो.

चिखलातली बोट

शेवटचं गाव आर्ल. इथलं अँफिथिएटर साधारण इ.स. 90 च्या सुमाराचं, सुमारे 20,000 माणसांचं. माझ्या व्हिडिओतल्या कमानी त्या याच. ते टिकलं कसं? मध्ययुगात लोक आत राहायला गेले. कमानी बुजवून तटबंदी केली, आत दोनशेहून जास्त घरं आणि दोन छोटी चर्च. अख्खं गाव स्टेडियममध्ये! 1820 च्या दशकात ती घरं हटवायला सुरुवात झाली. आजही तिथे कार्यक्रम होतात, तिकीट लागतं. दोन हजार वर्षांनी गल्ला चालू आहे.

जवळच्या नीमच्या अँफिथिएटरमध्ये एक लेख कोरलाय, असं गाइडने सांगितलं. रोन आणि सोन नद्यांवर मालाची ने-आण करणाऱ्या नावाड्यांच्या संघटनेसाठी तिथे 40 जागा राखीव होत्या, नगरसभेच्या ठरावाने. आमच्यातला एक डीलर म्हणाला, "म्हणजे यांची पण डीलर मीट व्हायची!" सगळे हसलो. मला मात्र वाटलं, त्यांना पुढची जागा शहराने दिली, नदीवर रोज काम करत होते म्हणून. आम्हाला जागा मिळाली ती जास्त माल उचलला म्हणून.

दुपारी दोन तास मोकळे होते. बाकीचे साबण आणि लव्हेंडर घ्यायला गेले, मी चालत पुरातन वस्तूंच्या म्युझियममध्ये गेलो. तिथे नदीतून काढलेले शिशाचे रोमन पाइप ठेवलेत. नदीच्या तळातून पलीकडच्या काठावर पाणी नेण्यासाठी टाकलेले. त्यांच्यावर बनवणाऱ्याचं नाव छापलेलं आहे. जसं आपण पाइपवर ब्रँड बघतो, तसंच. मी किती वेळ तिथे उभा होतो कुणास ठाऊक.

आणि मग ती बोट. 31 मीटर लांब, सपाट तळाची, मालवाहू. 2004 मध्ये रोनच्या तळाशी सापडली, 2011 मध्ये वर काढली, 2013 पासून म्युझियममध्ये आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ती बुडाली, पोटात वीस टनांहून जास्त बांधकामाचा दगड घेऊन. अर्ध्या रांजणाची केलेली चूलसुद्धा तिच्यावर मिळाली. आणि बोट बांधताना फळ्यांच्या मध्ये कुणीतरी चांदीचं एक नाणं ठेवलं होतं, शुभ म्हणून. आपण लक्ष्मीपूजनाला वहीवर ठेवतो ना, अगदी तसं.

ती बुडाली कशी? अभ्यासकांचा अंदाज असा की ती काठालाच होती आणि अचानक आलेल्या पुराने तिला खाली नेलं. म्हणजे वादळात नाही, लांबच्या प्रवासात नाही. धक्क्याला लागलेली, भरलेली, माल अजून उतरवायचा होता.

मित्रांनो, तिथे माझ्या पोटात गोळा आला. भरलेली बोट, काठ, पूर. जून ते सप्टेंबर माझं सखल भागातलं गोडाऊन नेमकं तसंच होतं. आप्पांचा नियम पुस्तकात नव्हता म्हणून मी तो नियम मानला नव्हता. त्या बोटीचा मालक कोण होता माहीत नाही, पण त्याच्या वीस टन दगडाचं पुढे काहीच झालं नाही, हे समोर दिसत होतं. ती बोट चिखलात आणि गावाच्या कचऱ्याखाली राहिली म्हणून म्युझियमला मिळाली. मालकाला त्याचा काय उपयोग?

आता रुपयांचा हिशोब

14 लाखांतला 6 लाखांचा माल पाच महिन्यांत विकला गेला. तो तसाही विकला असता, स्कीम नसती तर हळूहळू मागवला असता. उरलेल्या 8 लाखांचं काय झालं ते बघा.

- सीसीवर 11 टक्क्यांनी 11 महिन्यांचं व्याज: साधारण 80,000
- गोडाऊनचं भाडं, 10 महिने: 90,000
- मधेच नवी डिझाइन आली. जुन्यातला 5,50,000 चा माल खरेदीपेक्षा 20 टक्के कमी भावाने काढला. तोटा: 1,10,000
- ट्रिपवरचा कर: साधारण 86,000

शेवटचा आकडा बघून दचकलात ना? मीही दचकलो होतो. धंद्यातून मिळालेली अशी भेट हे उत्पन्नच धरलं जातं. 1 जुलै 2022 पासून कलम 194आर लागू झालं, वर्षाला 20,000 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या अशा फायद्यावर देणाऱ्याने 10 टक्के टीडीएस करायचा. बाकीचा कर आपल्या स्लॅबप्रमाणे आपण भरायचा. माझा स्लॅब 30 टक्क्यांचा, वर सेस.

बेरीज: 3,66,000 रुपये. आणि ट्रिप होती 2,75,000 ची. म्हणजे 'फुकट' ट्रिप मला बाजारभावापेक्षा 91,000 रुपयांनी महाग पडली. त्यात बायको बरोबर नव्हती, आणि दिवाळीच्या तोंडावर आठवडाभर दुकान आप्पांनी एकट्याने ओढलं. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

काही जण म्हणतील, "सर, स्कीम घेतली नाही तर कंपनीत आपली किंमत राहत नाही." अर्धं खरं आहे. सेल्समनचा आवाज बदलतो, हे मी अनुभवलंय. पण वेळेवर पेमेंट करणारा, वर्षभर सारखा माल उचलणारा डीलर कुठलीच कंपनी सोडत नाही. आणि सोडलाच तर पुराआधी सोडलेला बरा.

मग करायचं काय?

तीन गोष्टी. या तीनच मी आता क्लासमध्ये शिकवतो.

एक, स्कीमचा कागद आला की बक्षिसाचं पान झाकून ठेवा. मागच्या वर्षीच्या त्याच तिमाहीची विक्री काढा. तेवढा माल 90 दिवसांत जाणार असेल तरच सही करा. ट्रिप मिळाली तर मिळाली, वरकमाई समजा, आणि कराचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढा.

दोन, बक्षीस नको, क्रेडिट नोट द्या, असं एकदा विचारून बघा. कधी नाही म्हणतात, कधी हो म्हणतात. विचारायला पैसे पडत नाहीत.

तीन, आप्पांचा नियम. तुमच्याकडे पूर नसेल, पण काहीतरी असेलच. नवं मॉडेल, ऑनलाइनचा भाव, एखादा आजार, रस्त्याचं काम. एका रात्रीत जितका माल सुरक्षित करता येईल तितकाच माल अंगावर घ्या.

आणि जायचंच असेल तर

जा. खरंच जा. नदीवरच्या क्रूझचा फायदा असा की बॅग एकदाच उघडायची, आणि जहाज थेट जुन्या गावाजवळ लागतं. ल्योंपासून समुद्रापर्यंत बारा ठिकाणी लॉक आहेत. बोलेनचं लॉक सुमारे 23 मीटरचं आहे, जहाज लिफ्टसारखं खाली उतरतं, ते डेकवरून चुकवू नका. ग्रुपबरोबर फिरताना प्रत्येक ठिकाणी वेळ कमी मिळतो, म्हणून आधीच ठरवा की कुठे दुकानं सोडायची आणि कुठे दगड. आर्लचं म्युझियम गावाच्या थोडं बाहेर आहे, बऱ्याच ग्रुप टूरमध्ये नसतं. कुठल्या वारी बंद असतं ते बघून स्वतः जा. बूट चांगले घाला, रोमन फरशी पावसात घसरते.

मी परत जाणार आहे, आप्पा आणि बायकोला घेऊन. दर महिन्याला नफ्यातले 12,000 वेगळ्या खात्यात टाकतोय. वेळ लागेल, लागू दे. आप्पांना ती बोट दाखवायचीय. ते काय म्हणतील ते मला माहीत आहे. "एवढ्या लांब यायची काय गरज होती? मी घरी सांगितलंच होतं की."

त्या फोन केलेल्या मित्राबरोबर बसून आम्ही त्याच्या मालाची यादी केलीय. काय परत जाईल, काय दुसऱ्या डीलरला जाईल, काय तोट्यात काढायचं. जुन्या व्हिडिओचं थंबनेलही मी बदललंय. आता त्यावर लिहिलंय, 'युरोप, 3,66,000 रुपये'.

तुमच्या टेबलावर आत्ता एखाद्या स्कीमचा कागद असेल तर सही करायच्या आधी आज रात्री गोडाऊनमध्ये एक चक्कर मारा. हात लावून बघा, कुठल्या खोक्यांवर धूळ आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.